एकच अर्क, एकच डोस, तरी दोन बॅचचे निकाल वेगळे का? रॅटच्या पहिल्या २१ दिवसांबद्दल

प्रश्न थोडक्यात असा. बेळगावच्या एका फार्मसी कॉलेजात एम.फार्म करणाऱ्या विद्यार्थिनीने ब्राह्मीच्या अर्काने चिंता कमी होते का, हे एलिव्हेटेड प्लस मेझवर (जमिनीपासून उंच, अधिकच्या चिन्हासारखी चौकट; दोन भुजा उघड्या, दोन भिंतींनी बंद, भित्रा रॅट बंद भुजांतच राहतो) तपासलं. विस्टार जातीचे रॅट, १५० ते २०० ग्रॅम, चार गट, गटात सहा. पहिली बॅच कॉलेजच्याच अ‍ॅनिमल हाऊसमध्ये जन्मलेली होती. अर्काचा परिणाम छान दिसला. पुन्हा करून दाखवा म्हणून गाइडने सांगितलं, तेव्हा रॅट बाहेरच्या ब्रीडरकडून मागवले. या वेळी अर्काचा परिणाम गायब, आणि तुलनेसाठी दिलेल्या डायझेपामचाही (चिंता कमी करणारं नेहमीचं औषध) जेमतेम. ‘अर्क खराब झाला की माझं टेक्निक चुकलं?’ असं त्या विचारतात.

डायझेपामही चाललं नाही म्हणता, तिथंच निम्मं उत्तर आहे. अर्क बिघडला असता तर अर्काचेच गट पडले असते. दोन्ही एकदम पडले, म्हणजे बदल बहुधा जनावरात आहे.

आधी वही काढा आणि दोन्ही बॅचचे फक्त कंट्रोल गट (औषध न दिलेले) शेजारी शेजारी मांडा. तीन आकडे पुरेत: पाच मिनिटांत उघड्या भुजांवर घालवलेले सेकंद, उघड्या भुजांत किती वेळा शिरला, आणि बंद भुजांत किती वेळा शिरला. तिसरा आकडा निव्वळ हालचालीचा. तो दोन्ही बॅचमध्ये सारखा असेल आणि पहिला आकडा दुसऱ्या बॅचमध्ये बराच जास्त असेल, तर ते रॅट मुळातच कमी भित्रे आहेत. जो औषधाविनाच उघड्या भुजेवर फिरतोय, त्याची भीती डायझेपाम आणखी किती उतरवणार? उलट तिन्ही आकडे खाली असतील तर रॅट दबून एका जागी बसलेत. प्रवासातून आलेल्या, नीट न रुळलेल्या जनावरांत असं होतं, आणि अशांवर डायझेपामची गुंगीच आधी दिसते.

आता जनावर वेगळं का, याकडे येऊ. कॉलेजात अशा वेळी स्ट्रेन (रॅटचा वाण), पाणी, चाचणी घेणाऱ्याचा हात या सगळ्यांवर संशय घेतला जातो. रॅट आईजवळ होता ते २१ दिवस कसे गेले, हे सहसा कुणी विचारत नाही.

पिल्लू जन्मतं तेव्हा पाच-सहा ग्रॅमचं, बिनकेसांचं, डोळे-कान बंद असं असतं. कान साधारण १२-१३ व्या दिवशी उघडतात, डोळे १४-१५ व्या. स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, आईने चाटल्याशिवाय लघवीसुद्धा होत नाही. साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसापर्यंत त्याची स्ट्रेसची यंत्रणा जवळजवळ निजवलेली असते. किरकोळ त्रासाने कॉर्टिकोस्टेरोन (रॅटचं ताणाचं हार्मोन) फारसं चढत नाही. ती निजलेली राहते आईच्या दुधामुळे, उबेमुळे आणि चाटण्यामुळे. आई कित्येक तास दूर राहिली की ती अवेळी जागी होते, आणि त्याचे परिणाम मोठेपणी टिकतात.

सीमोर लेव्हाइन यांनी १९५० च्या दशकात दाखवलं की लहानपणी रोज थोडा वेळ हाताळलेले रॅट मोठेपणी ताणाला जास्त चांगलं तोंड देतात. पुढे मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी यांच्या गटाने यामागचा दुवा शोधला. पिल्लं परत घरट्यात ठेवली की आई त्यांना जास्त चाटते, आणि फरक पडतो तो त्या चाटण्याने. १९९७ मध्ये त्यांनी दाखवलं की जास्त चाटणाऱ्या आयांच्या पिल्लांत, मोठेपणी, मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागात ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर (ताणाचं हार्मोन ओळखणारी प्रथिनं) जास्त असतात. त्यामुळे ताण आला तरी कॉर्टिकोस्टेरोन लवकर खाली येतं. २००४ मध्ये त्याच गटाने या रिसेप्टरच्या जनुकाच्या प्रमोटरवर (जनुक चालू-बंद करणारा भाग) मिथायलेशनचा, म्हणजे डीएनएवरच्या रासायनिक खुणांचा, फरक दाखवला. तो पहिल्या आठवड्यात ठरतो, आणि पिल्लं दुसऱ्या प्रकारच्या आईखाली वाढवली की दिशा बदलतो. थोडक्यात, एकाच स्ट्रेनचे, एकाच वजनाचे दोन रॅट प्लस मेझवर निराळे वागतात ते आई निराळी म्हणून.

तुमच्या कॉलेजच्या रॅटना लहानपणी कुणी, किती आणि कधी हात लावला? ब्रीडरकडच्या पिल्लांना किती लावला? रोज १५ मिनिटं पिल्लं बाजूला काढणं आणि रोज तीन तास काढणं यांचे परिणाम एकाच दिशेचे नसतात. १५ मिनिटांनी आई परत भेटली की ती चाटत सुटते. तीन तास दूर ठेवणं हा बालपणीच्या ताणाचा मॉडेल म्हणून वापरला जातो. त्यातही सगळ्या प्रयोगशाळांत एकसारखे निकाल येत नाहीत. याचं एक कारण कंट्रोलमध्ये आहे: कुणी पिल्लांना २१ दिवस अजिबात हात न लावता कंट्रोल धरतं, कुणी नेहमीच्या सफाईत हाताळलेल्यांना धरतं. ही दोन कंट्रोल एक नव्हेत. म्हणून ‘आमच्याकडे काहीच केलं नाही’ हे उत्तर पुरत नाही. दर सोमवारी पिंजरा धुताना पिल्लं बादलीशेजारी गार फरशीवर अर्धा तास पडून राहिली असतील तर तेही केलेलंच आहे.

वेताचा आकार हा दुसरा मोठा मुद्दा. विस्टारला एका वेताला सहा ते चौदा पिल्लं होतात. मादीला सडं १२. चारच पिल्लं उरली तर ती भरपूर पितात, लठ्ठ होतात आणि मोठेपणी इन्सुलिनला कमी दाद देतात. हा तर मुद्दाम वापरला जाणारा मॉडेल आहे. एका मादीखाली १४-१६ पिल्लं राहिली की ती खुरटतात आणि नंतर त्यातली मोजकीच भरून निघतात. स्ट्रेप्टोझोटोसिन (मधुमेह घडवणारं रसायन) देऊन मधुमेहाचं काम करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं: चार पिल्लांच्या वेतातला रॅट आणि चौदाच्या वेतातला रॅट यांची पेशीच्या पातळीवरची सुरुवातच वेगळी आहे, मग ५० मिलिग्रॅम प्रति किलोला एकाची साखर ४०० वर आणि दुसऱ्याची २२० वर थांबली तर नवल नाही. उपाय जुनाच आहे: चौथ्या दिवशी प्रत्येक वेत आठवर आणायचं, चार नर आणि चार मादी. ओईसीडीच्या विकासविषयक विषारीपणाच्या चाचण्यांतही चौथाच दिवस आहे. जास्तीची पिल्लं कमी पिल्लं असलेल्या मादीखाली घालता येतात, पण वय एक-दोन दिवसांच्या आत असावं. उरलेल्यांचं काय करणार हे आयएईसीला (कॉलेजच्या प्राणी नीतिमत्ता समितीला) दिलेल्या फॉर्म बी या अर्जामध्ये आधीच लिहिलेलं असलं पाहिजे. नवजात पिल्लं ऑक्सिजनची कमतरता बराच वेळ सहन करतात, त्यामुळे ती मारायची असतील तर एकट्या कार्बन डायऑक्साइडवर विसंबू नका. पद्धत समितीने मंजूर केलेलीच वापरा.

नर-मादी ओळखायला गुदद्वार आणि जननांग यांतलं अंतर पाहतात. नरात ते मादीच्या साधारण दुप्पट. एकटं पिल्लू पाहून ओळखू नका, दोन शेजारी धरा. १२ ते १४ व्या दिवशी मादीच्या पोटावर सडांचे ठिपके स्पष्ट दिसतात, तेव्हा पुन्हा तपासा.

तिसरा मुद्दा दूध तोडण्याचा. विस्टारला २१ वा दिवस ठरलेला आहे. ऑर्डर आली आणि पिल्लं वजनाला भरली की १७-१८ व्या दिवशीच तोडणं काही ठिकाणी चालतं. १५ व्या दिवसाच्या आसपास तोडलेल्या रॅटांत पुढे अंग आवळून ठेवल्यावर जठरात जखमा जास्त होतात, हे १९७० च्या दशकापासून माहीत आहे. आपल्याकडे जठरव्रणावर अर्क तपासणारे प्रबंध काही कमी नाहीत, पण तोडण्याचं वय त्यांत सहसा नसतं. लवकर तोडलेल्या माइसमध्ये भित्रेपणा वाढतो हेही दाखवलेलं आहे. तोडताना पाण्याच्या बाटलीची नळी पिल्लाच्या तोंडाला पोचते का, हे आपण स्वतः बघा. मोठ्या रॅटच्या उंचीची नळी असली की लहान पिल्लू पहिल्या दोन दिवसांत सुकतं, वजन घटतं, आणि नंतर ‘खराब बॅच’ म्हणून नाव त्याच्यावर पडतं. तोडल्यावर एकटं ठेवू नये. साधारण २५ ते ४५ दिवसांचा काळ आपसातल्या खेळाचा. त्या काळात एकटे वाढलेले रॅट पुढे जास्त सैरभैर वागतात, आणि नंतर सोबत दिली तरी हे पूर्णपणे भरून येत नाही.

आता वजनाचं. ‘१५० ते २०० ग्रॅम, नर किंवा मादी’ हे वाक्य आपल्या भागातल्या जवळजवळ प्रत्येक प्रोटोकॉलमध्ये एकमेकांचं पाहून उतरलेलं दिसतं. चांगला पोसलेला विस्टार नर सहा आठवड्यांत या वजनात येतो, म्हणजे तारुण्याच्या उंबरठ्यावर. त्याच वजनाची मादी आठ-नऊ आठवड्यांची, पूर्ण वयात आलेली असते. आणि चौदाच्या वेतातला खुरटलेला नरही त्याच वजनात बसतो, तोही आठ-नऊ आठवड्यांचा. तिघांचा मेंदू, यकृताची एन्झाइमं, हार्मोन वेगवेगळ्या टप्प्यावर आहेत आणि तिघे एकाच गटात. रॅट वजनावर मागवू नका, जन्मतारखेवर मागवा. वजन फक्त तपासणीसाठी ठेवा: २१ व्या दिवशी साधारण ३५ ते ५० ग्रॅम असायला हवं, त्याच्या फार खाली असलेलं पिल्लू प्रयोगात घ्यायचं की नाही, हा नियम प्रयोग सुरू होण्याआधी लिहून ठेवा, नंतर नाही.

ब्रीडरला विचारण्याच्या गोष्टी: जन्मतारीख, आईचा क्रमांक, जन्मतः किती पिल्लं होती, चौथ्या दिवशी किती ठेवली, तोडण्याची तारीख, आईचं कितवं वेत (पहिलटकरणीचं वेत लहान असतं आणि पिल्लंही जास्त दगावतात), कोणतं खाद्य, कोणतं बेडिंग. बहुतेक ठिकाणी जन्मतारीख मिळते, बाकीचं ‘पुढच्या वेळी देतो’. न देणाऱ्याकडूनच घ्यावं लागलं तर निदान एका बॅचचे सगळे रॅट एकाच आठवड्यात जन्मलेले हवेत, असं ऑर्डरवर लिहा. बंगळूरहून बेळगाव सुमारे ५०० किलोमीटर. रात्रभराच्या प्रवासानंतर एक आठवडा क्वारंटाइन हा कमीत कमी काळ. वर्तनाच्या प्रयोगाला दोन आठवडे द्या आणि दुसऱ्या आठवड्यात रोज हाताळा. ऐन वयात येताना झालेला प्रवास तर आणखी वाईट: त्या वयात पाठवलेल्या मादी माइस मोठेपणी एस्ट्रोजेनला कमी प्रतिसाद देतात असं आढळलंय. शक्यतो तोडल्यानंतर लगेच किंवा आठ आठवड्यांनंतर मागवा.

यापुढे तुमच्या पहिल्या बॅचबद्दल थोडं कडू. कॉलेजच्या अ‍ॅनिमल हाऊसमध्ये २४ रॅट बहुधा तीन-चार माद्यांचे. तोडताना भावंडं एकत्रच पिंजऱ्यात गेली, आणि पुढे सोयीसाठी पिंजरा एक म्हणजे कंट्रोल, पिंजरा दोन म्हणजे कमी डोस. असं झालं असेल तर तुम्ही अर्काची तुलना केलेली नाही, चार आयांची केलेली आहे. जास्त चाटणाऱ्या मादीची पोरं जास्त डोसच्या पिंजऱ्यात पडली की अर्क उत्तम ठरतो.

वेतं अशी गटांत एकगठ्ठा गेली असतील तर आकड्यांत काय होतं, त्याचा हिशेब पाहा. एका वेताची पिल्लं एकमेकांसारखी असतात. हे सारखेपण (शून्य ते एक या मापावर) ०.४ धरू, तीन वेतांतून प्रत्येकी आठ घेतले तर फुगवटा, म्हणजे रॅटची संख्या खऱ्यापेक्षा किती पट फुगलेली दिसते, तो १ + (८ − १) × ०.४ म्हणजे ३.८. चोवीसला ३.८ ने भागलं की उरतात सव्वासहा. खानापूरच्या एकाच शेतातून मातीचे चोवीस नमुने उचलले म्हणून चोवीस शेतं तपासली असं कुणी म्हणत नाही. ०.०३ चा पी (०.०५ च्या खाली असला की परिणाम ग्राह्य धरतात तो आकडा) अशा वेळी सहज ०.२ होतो.

यातून सुटायचा सोपा मार्ग फार स्वस्त आहे. तुमचे गट चार आहेत. सहा वेतं घ्या, प्रत्येक आठवर आणलेलं, प्रत्येकात चार नर. प्रत्येक वेताचे चार नर चिठ्ठ्या टाकून चार गटांत एकेक पाठवा. प्रत्येक गटात सहा रॅट, सहा वेगवेगळ्या आयांचे. विश्लेषणात वेत हा ब्लॉक धरून टू-वे अनोव्हा (गटांच्या सरासरींची तुलना करणारी संख्याशास्त्रीय चाचणी) करा: गटाचे ३ डिग्री ऑफ फ्रीडम, वेताचे ५, त्रुटीचे १५, एकूण २३. रॅट तेवढेच, खर्च तेवढाच, पण वेताचा फरक बाजूला निघाल्यामुळे खरा परिणाम असला तर तो जास्त स्पष्ट दिसतो. एका वेतातून एखाद्या गटात दोन जावे लागले किंवा मध्येच काही मेले तर मिक्स्ड मॉडेल वापरा आणि वेत त्यात रँडम ठेवा. दोन्ही लिंग हवं असेल तर चार माद्याही तशाच वाटून लिंग हा वेगळा घटक धरा. नर-मादी एकत्र मिसळून सरासरी काढू नका. तोंडावाटे डोस देताना एका पिंजऱ्यात वेगवेगळ्या गटांचे रॅट चालतात, पण रॅट एकमेकांची लेंडी खातात. महिनाभर रोज अर्क द्यायचा असेल किंवा आतड्यातल्या जंतूंवर काम असेल तर पिंजरे गटवार करा, मात्र एका पिंजऱ्यात वेगवेगळ्या वेतांचे रॅट ठेवा. ही फेरवाटणी तोडण्याच्या दिवशीच करायची. वयात आलेले अनोळखी नर एकत्र घातले की भांडणं होतात, माइसमध्ये तर हमखास.

सहा वेतं एकाच दोन-तीन दिवसांत हवीत तर आठ-दहा माद्या जोडाव्या लागतात. एका नराबरोबर दोन माद्या, रोज सकाळी मादीच्या योनीतला स्मिअर (काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा नमुना). शुक्राणू दिसले तो दिवस शून्य. मादीचं चक्र चार-पाच दिवसांचं, त्यामुळे पाच रात्रींत बहुतेक लागतात. स्मिअर मिळाला की मादी वेगळी काढा, विण्याच्या वेळी नर पिंजऱ्यात नको. व्याल्यानंतर चोवीस तासांत ती पुन्हा गाभण राहते, आणि पुढचं वेत आधीची पिल्लं तोडायच्या सुमाराला येतं. मोठी पिल्लं नवजातांना तुडवतात, दूधही तीच पितात. कॉलेजची सीसीएसईए (प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणारी केंद्र सरकारची समिती) नोंदणी फक्त संशोधनासाठी असेल तर हे सगळं करता येत नाही. प्रजननाची नोंद वेगळी लागते. आधी प्रमाणपत्र पाहा.

घरट्याभोवतीची शिस्त अशी. विण्याच्या दोन-तीन दिवस आधी पिंजरा बदलून घ्या, मग पहिले चार दिवस सफाई नाही. विण्याच्या दिवशी (पिल्लांचा ०वा दिवस) बाहेरूनच पाहा. चौथ्या दिवशी मोजताना ताजे हातमोजे त्याच पिंजऱ्याच्या बेडिंगमध्ये चोळा. आधी मादी बाजूच्या पिंजऱ्यात काढा, मग सगळी पिल्लं घरट्याच्या कागदासकट एकदम उचला. दोन-तीन मिनिटांत आटोपा, पिल्लं परत ठेवा, वर घरटं पांघरा, सर्वांत शेवटी मादी सोडा. पुढे ७, १४ आणि २१ व्या दिवशी अख्ख्या वेताचं एकत्र वजन. पिंजरा ७ व्या आणि १४ व्या दिवशी बदला, दर वेळी जुन्या घरट्यातली मूठभर सामग्री नव्यात टाका. माणूस तोच, वेळ तीच, आणि मुख्य म्हणजे सर्व सहा वेतांना सारखंच. एका वेताचं वजन करून दुसऱ्याचं राहिलं तर ते दोन वेगळे प्रयोग झाले. अत्तर, गजरा, खंडेनवमीची उदबत्ती आणि कापूर हे सगळं त्या खोलीबाहेर ठेवा. मादी पिल्लं खाते तेव्हा कारण बहुधा वासात, गडबडीत किंवा पाण्याच्या बाटलीत सापडतं. दूध पाजणारी मादी एरवीच्या दुप्पट-तिप्पट खाते-पिते. सकाळी भरलेली बाटली संध्याकाळी पाहायलाच हवी, विशेषतः रविवारी.

घरट्याला ऑटोक्लेव्ह केलेल्या (वाफेच्या दाबाने निर्जंतुक) कोऱ्या कागदाच्या पट्ट्या उत्तम. माइससाठी आठ-दहा ग्रॅम. छापील वर्तमानपत्र नको. सुटा कापूसही नको, धागे पिल्लांच्या पायांना आवळतात. बेडिंगला आपल्याकडे भाताचा तूस सहज मिळतो, खानापूर-नंदगडच्या गिरण्यांतून पोत्यांनी येतो. तो ओल धरत नाही आणि टोकदार असतो, त्यामुळे पिल्लांच्या पिंजऱ्यात खाली तूस, वर कागदाचा थर द्या. पोतं साठवणीत कीटकनाशक फवारलेलं नाही ना, एवढं गिरणीवाल्याला विचारा. लाकूड कापायच्या अड्ड्यावरचा भुसा सरमिसळ लाकडाचा असतो. मऊ, राळ असलेल्या लाकडाचा भुसा यकृतातली औषध मोडणारी एन्झाइमं वाढवतो आणि बार्बिट्युरेटची झोप आखडते. हे १९६७ पासून माहीत आहे. मक्याच्या कणसाचं बेडिंग स्वच्छ असतं, पण त्यातल्या काही रसायनांनी रॅटच्या प्रजननात अडथळा येतो असं दिसलंय, म्हणून हार्मोनच्या कामात टाळा. पॉलिकार्बोनेटचे पिंजरे तीव्र अल्कली साबणाने धुतले की बिस्फेनॉल ए झिरपतं. अमेरिकेत पॅट्रिशिया हंट यांच्या प्रयोगशाळेत माइसच्या बीजांडांत गुणसूत्रांची गडबड दिसली ती अशाच पिंजऱ्यांमुळे, आणि २००३ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. धूसर, चिरा गेलेले पिंजरे विणीला वापरू नका.

तापमान. सीसीएसईएच्या सूचनांत १८ ते २९ अंश आणि ३० ते ७० टक्के आर्द्रता चालते. कागदावर एवढी सूट असली तरी १९ अंशांत वाढलेलं पिल्लू आणि २८ अंशांत वाढलेलं पिल्लू एक नसतं. डिसेंबर-जानेवारीत बेळगावच्या रात्री १५ अंशांच्या आसपास येतात. एसी थंड करतो, गरम करत नाही, आणि रात्री वीज गेली की खोली कुठवर उतरली ते कुणालाच कळत नाही. पिंजऱ्याच्या उंचीवर कमाल-किमान तापमापक लावा आणि सकाळी आल्याबरोबर दोन्ही आकडे लिहा, भिंतीवरचा डिजिटल आकडा नव्हे. पावसाळ्यात पेलेटला बुरशी धरते. शेंगदाण्याची पेंड असलेल्या खाद्यात अफ्लाटॉक्सिनची भीती असते, म्हणून जूनमध्ये सप्टेंबरपर्यंतचा साठा करू नका. अथणी-रायबागकडच्या कोरड्या उन्हाळ्यात उलटं होतं: हवा फार कोरडी झाली की पिल्लांच्या शेपटीवर कड्यासारखी आवळण पडते, त्याला रिंगटेल म्हणतात. शहरात पाणी राकसकोपचं किंवा हिडकलचं, उन्हाळ्यात मध्येच बोअरचं. कुठल्या आठवड्यात कुठलं दिलं एवढं कार्डावर असू द्या.

आवाजाबद्दल लोक हसतात, पण रॅटची पिल्लं आईला ४० किलोहर्ट्झच्या आसपासच्या आवाजात हाक मारतात. आपल्याला तो ऐकू येत नाही. गळका नळ, जुन्या ट्यूबचा चोक, दाराचं घासणारं बिजागर याच पट्टीत ओरडत राहतात. आणि ऐकू येणारा आवाज तर आहेच. अनंत चतुर्दशीची मिरवणूक कपिलेश्वर तलावाकडे दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते, दिवाळीचे फटाके, शिवजयंतीचे चित्ररथ, १ नोव्हेंबरच्या राज्योत्सवाची गर्दी आणि बंद रस्ते. या दिवसांत अटेंडंटही पोचत नाही. पंचांग पुढ्यात ठेवून जोडणी करा: गर्भधारणेचे २२ दिवस आणि पुढचे पहिले १४ यांत हे सण येऊ नयेत. सप्टेंबरात जन्मलेली बॅच आणि जुलैत जन्मलेली बॅच यांत रस्त्याकडेच्या अ‍ॅनिमल हाऊसमध्ये फरक दिसला तर मला आश्चर्य वाटणार नाही.

पिंजऱ्याचं कार्ड अटेंडंटला वाचता येईल असं हवं. आपल्याकडे एकाला कन्नड सोयीचं, दुसऱ्याला मराठी, गाइडला इंग्रजी. तिन्ही भाषांचा मेळ घालत बसण्यापेक्षा आकडे आणि खुणा ठेवा: मादीचा क्रमांक, विण्याची तारीख, एक बाण वर म्हणजे पिल्लं जन्मली, वर्तुळ म्हणजे पिंजरा बदलला, फुली म्हणजे मृत्यू. यात चूक होत नाही.

एवढं सांभाळूनही दोन प्रयोगशाळांचे आकडे एक येतील असं समजू नका. १९९९ मध्ये क्रॅब, वॉल्स्टन आणि डुडेक यांनी पोर्टलंड, एडमंटन आणि ऑल्बनी इथं तेच स्ट्रेन, तीच यंत्रं, तीच वेळ ठेवून माइसचं वर्तन तपासलं. तरी काही चाचण्यांत ठिकाणानुसार निकाल बदलले, आणि त्यांत प्लस मेझही होता. म्हणून प्रत्येक बॅचला स्वतःचं कंट्रोल आणि स्वतःचं डायझेपाम लागतंच. जुन्या बॅचचं कंट्रोल नव्या बॅचला जोडू नये.

तुमच्या हातात असलेल्या आकड्यांचं काय करायचं? दोन्ही बॅच एकत्र मिसळू नका आणि न जमलेली बॅच लपवूही नका. बॅच हा घटक धरून दोन्ही दाखवा. पहिल्या बॅचचे रॅट कुठल्या मादीचे, हे विणीच्या रजिस्टरवरून आणि पिंजऱ्याच्या कार्डांवरून अजून निघू शकतं. कार्डं रद्दीत जायच्या आधी आजच गोळा करा आणि एक्सेलमध्ये ‘मादी क्रमांक’ असा कॉलम वाढवून विश्लेषण पुन्हा चालवा. एका पिंजऱ्यात एकच गट आणि एकच वेत असं निघालं तर त्या आकड्यांवरून अर्काबद्दल काहीच म्हणता येत नाही. कुठलंही सॉफ्टवेअर ते वेगळं करून देऊ शकत नाही. तेव्हा तिसरी फेरी वरच्या पद्धतीने, सहा वेतांची. सबमिशनला वेळ नसेल तर मटेरियल्स अँड मेथड्समध्ये जनावरांचं वाक्य निदान असं लिहा: ‘विस्टार नर, वय ८ आठवडे ± ३ दिवस, ६ वेतांतून, चौथ्या दिवशी प्रत्येक वेत ८ पिल्लांचं, २१ व्या दिवशी तोडलेले, प्रत्येक गटात प्रत्येक वेताचा एक.’ तुमच्या बाबतीत यातलं जे खरं नाही ते गाळा आणि जे माहीत नाही तिथे ‘नोंद उपलब्ध नाही’ असं स्पष्ट लिहा. प्राण्यांवरचे प्रयोग कसे लिहावेत हे सांगणाऱ्या अराइव्ह मार्गदर्शक तत्त्वांच्या २०२० च्या आवृत्तीत प्रयोगाचं एकक (रॅट, पिंजरा की वेत) कोणतं हे सांगणं अत्यावश्यक बाबींत धरलेलं आहे, त्यामुळे व्हायव्हाला हा प्रश्न आला तर तेच पान उघडून दाखवा.